हजेरीपट नसलेले सैन्य

भरती झालेल्या जवानाच्या हाती बंदूक येण्यापूर्वी त्याची नोंद होते. नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जन्मतारीख, उंची, अंगावरची ओळखीची खूण हे सारे एका कागदावर उतरते आणि पुढे वर्षानुवर्षे त्यात भर पडत जाते. लग्न झाले, मूल झाले, जखम झाली, पदक मिळाले, की पलटणीच्या आदेशपत्रात ती बाब प्रसिद्ध होते आणि तेथून मूळ कागदावर चढते. लष्करी बोलीत या कागदाला ‘शीट रोल’ म्हणतात. जवान निवृत्त होऊन गावी परततो, त्याचा कागद मात्र बेळगाव, सागर अशा दूरच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतो. निवृत्तिवेतन, त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंबवेतन, अपंगत्वाचा भत्ता, सारे त्या कागदाच्या शब्दावर चालते. त्यात पत्नीचे माहेरचे नाव पडले असेल, मुलाचे नाव राहून गेले असेल किंवा जन्मसाल चुकले असेल, तर सत्तरीच्या माणसाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या चढून अर्ज करावा लागतो : माझी नोंद दुरुस्त करून मिळावी.

अर्ज लहान असतो, एका कागदाचा; पण त्यामागे इतिहास असतो. बीड जिल्ह्याच्या बाबतीत तर हा इतिहास इतका विलक्षण आहे, की नोंददुरुस्तीचा प्रश्न अखेरीस देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे आलेली माणसे सरकारी फौजेतली नव्हती. ती स्वातंत्र्यसैनिक म्हणवली जाणारी होती. ‘सैनिक’ हा शब्द आपल्या भाषेने त्यांना मनापासून दिला. परंतु त्या सैन्याचा हजेरीपट कुणी ठेवलाच नव्हता. या लेखात आम्ही त्यांच्याविषयीच लिहिणार आहोत. तत्पूर्वी ज्यांचा हजेरीपट होता, त्यांच्याकडे एकदा पाहणे आवश्यक आहे.

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. दरबारची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या प्रारंभापासून सुरू होई. फसली सनाचे इसवी साल काढायचे, तर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी त्यात ५९० मिळवावे लागतात आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१. हा फरक ज्या कारकुनाच्या ध्यानात राहिला नाही, त्याने कुणाचे तरी वय एका वर्षाने वाढवले किंवा घटवले. लिपीचाही असाच गोंधळ होई. उर्दूत ‘ळ’ आणि ‘ण’ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. काळे आडनावाचा माणूस उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत आला, की काले किंवा काळा होऊन येई. गावांची नावेही बदलली. आज आपण ज्याला अंबाजोगाई म्हणतो, ते निजामी दप्तरात मोमिनाबाद होते. ज्याच्या भरतीच्या कागदावर मोमिनाबाद आणि शिधापत्रिकेवर अंबाजोगाई, त्या वृद्धाने आपण एकच मनुष्य आहोत हे कसे सिद्ध करावे?

शासनाचीही यात एक बाजू आहे आणि ती नाकारता येणार नाही. निवृत्ती जवळ आली की जन्मतारीख पुढे सरकवण्याची इच्छा अनेकांना होते. म्हणूनच नोकरीत शिरल्यानंतर ठरावीक मुदतीतच तारखेची दुरुस्ती मागता येते, असा नियम झाला. केंद्र शासनाच्या मुलकी नोकरांसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हरनामसिंग खटल्यात ती उचलून धरली. लष्कराचे नियमही असेच कडक आहेत. नावातील चूक किंवा पत्नीची राहिलेली नोंद मात्र शपथपत्र आणि पुरावे देऊन दुरुस्त होऊ शकते, आणि मग निवृत्तिवेतनाच्या आदेशाला शुद्धिपत्र निघते. अर्ज नाकारला गेला तर २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. पण एका गोष्टीवर न्यायाधिकरणापाशीही उपाय नाही. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाचे सेवापत्र पंचवीस वर्षांनी आणि निवृत्तिवेतनधारकाचे पन्नास वर्षांनी नष्ट करावे, असा लष्कराचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती झालेले आणि युद्ध संपताच घरी पाठवलेले हजारो जवान निवृत्तिवेतनाविना परतले होते. त्यांची पत्रे १९७० च्या आगेमागे या नियमाच्या कक्षेत आली. राज्य शासनाने त्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना मानधन द्यायचे ठरवले, तेव्हा ज्याने आपले डिस्चार्ज बुक तांदळाच्या कणगीत किंवा देवघराच्या फळीवर जपले होते, तोच सैनिक ठरला.

आमच्या वाचकांना येथे आपल्या धर्मग्रामातील स्नानसंस्काराची नोंदवही आठवेल. शाळेचा दाखला मिळत नसे त्या काळात कित्येक कुटुंबांच्या वयाचा आधार तीच वही होती. त्या वहीत विवाह, दृढीकरण अशा पुढच्या गोष्टी मूळ नोंदीशेजारी समासात लिहिल्या जातात. मूळ ओळ खोडायची नाही, तिच्या कडेला लिहायचे, अशी ती शिस्त आहे. सरकारी दप्तराला ही समासाची सोय क्वचितच सुचली. तेथे नाव असते किंवा नसते.

आता हजेरीपट असलेल्या सैन्याकडे येऊ. अंबाजोगाई म्हटले की मराठी माणसाला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि योगेश्वरीचे देवालय आठवते. त्याच गावाला इंग्रजी काळात लष्करी छावणी होती, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची एक फौज निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसली जात असे. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हाती गेला. या फौजेच्या घोडदळाचे एक ठाणे मोमिनाबादेस होते. घोडदळ शिलेदारी पद्धतीचे. म्हणजे स्वाराने घोडा व सरंजाम स्वतःचा आणायचा आणि त्याप्रमाणे तनखा घ्यायचा. १९०३ मध्ये किचनेर यांच्या पुनर्रचनेत ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या रिसाल्यांपैकी एकाचे नाव ‘२० वे डेक्कन हॉर्स’ झाले. पहिल्या महायुद्धात हा रिसाला फ्रान्समध्ये होता. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलाजवळ, जेथे खंदक आणि मशिनगन यांचेच राज्य होते तेथे, त्याने भाले सरसावून धाव घेतली. पुढे १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत रणगाड्यांवर स्वार होऊन लढला तो याच परंपरेतला डेक्कन हॉर्स.

या सैन्याचे कागद चोख होते, असे आपल्याला वाटेल. पलटणीच्या वहीत ते होतेही. परंतु इराकातील बसरा येथे पहिल्या महायुद्धातील मृतांचे जे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले, त्यावर इंग्रज शिपायाचे नाव कोरले गेले आणि सामान्य हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ एक आकडा आला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच दप्तराची झडती घेणारा अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका आणि आशियातील पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या तुलनेने असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांचे, नावाने स्मरण झालेच नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी आलेली ही दुरुस्ती आहे. तिच्यासाठी अर्ज करायला मूळ सैनिकांपैकी कुणी उरले नव्हते.

आता ज्यांची वहीच नव्हती, त्यांच्याकडे वळू. त्यांची कथाही अंबाजोगाईतूनच जाते. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे संन्यासानंतरचे स्वामी रामानंद तीर्थ, हे येथील योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. १९३८ मध्ये ते शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात गेले. त्याच सुमारास आर्यसमाजाचाही सत्याग्रह निजामी राज्यात सुरू झाला व त्यासाठी उत्तरेतून तुकड्यामागून तुकड्या आल्या. ही मंडळी उघडपणे कायदा मोडून तुरुंगात गेली, म्हणून त्यांची नावे कैद्यांच्या नोंदवहीत चढली. नोंद ठेवणारा शत्रू होता आणि त्याची नोंदच पुढे सैनिकाची साक्षीदार ठरली.

१९४७-४८ ची गोष्ट निराळी होती. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. कासीम रझवी याच्या रझाकारांचा उच्छाद वाढला. मराठवाड्यातील कार्यकर्ते सीमा ओलांडून शेजारच्या मुंबई आणि मध्य प्रांतात गेले आणि हद्दीलगत शिबिरे उभी राहिली. बीडला अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, लागूनच. शिबिरातून रात्री निघायचे, करोडगिरीचे नाके किंवा पोलीस ठाणे गाठायचे, काम करून उजाडण्यापूर्वी हद्दीबाहेर यायचे, असा तो लढा होता. त्यात पत्रे पोचवणारे होते, भाकरी बांधून देणाऱ्या बाया होत्या, बंदूक कडब्याच्या गंजीत दडवणारे शेतकरी होते. शेजारच्या जालना भागातील दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रिया हाती शस्त्र घेऊन लढल्या. हे सारे लिहून ठेवणे म्हणजे सहकाऱ्यांना फासावर देणे. लिहिलेच काही, तर ते वाचून फाडायचे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. शिबिरे मोडली, माणसे शेताकडे परतली. कुणी त्यांना निवृत्तीचा दाखला दिला नाही, कारण भरतीचाच कागद नव्हता.

चोवीस वर्षे अशीच गेली. मधल्या काळात बीडच्या मतदारांनी १९६७ साली सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना आपले खासदार म्हणून लोकसभेत पाठवले, हे सहज आठवले म्हणून सांगतो. भूमिगत लढ्याविषयीचा आदर या जिल्ह्यात पोकळ नव्हता.

मग १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. प्रारंभी ती उत्पन्नाच्या मर्यादेत होती. १९८० मध्ये ती ‘सन्मान योजना’ झाली आणि उत्पन्नाची अट गेली. सर्वसाधारण अट अशी, की सहा महिने कारावास भोगलेला असावा किंवा सहा महिने भूमिगत असावे. कारावासाला तुरुंगाचा दाखला. भूमिगताला फरारी घोषित केल्याचा हुकूम, पकडून देणाऱ्यास बक्षिसाची घोषणा किंवा बजावता न आलेला स्थानबद्धतेचा आदेश. यांपैकी काहीच नसेल, तर दप्तर उपलब्ध नसल्याचे शासनाचे प्रमाणपत्र आणि स्वतः दीर्घ कारावास भोगलेल्या सहकाऱ्याची साक्ष. पुढे हैदराबादच्या सीमेवरील शिबिरांनाही मान्यता मिळाली आणि त्यांची यादी करावी लागली. महाराष्ट्र शासनाची स्वतःची योजनाही होती. तिच्यात जिल्हा गौरव समितीची शिफारस आणि १९९५ च्या शासननिर्णयाप्रमाणे दोन मान्यताप्राप्त स्वातंत्र्यसैनिकांची शपथपत्रे मागितली जात.

या व्यवस्थेत दोष काढणे सोपे आहे. पण दुसरा मार्ग कोणता होता, असे आम्ही विचारू. ज्याने नोंद होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, त्याच्याकडे नोंद मागायची, तर तो बिचारा कोठून आणणार? सहकाऱ्याचा शब्द हाच त्याचा कागद. न्यायालयांनाही हे पटले होते. निजामी राज्यातील आर्यसमाजी सत्याग्रहींचा प्रश्न मुकुंदलाल भंडारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा, १९९३ साली, न्यायालयाने सांगितले की केवळ उशिरा अर्ज केला म्हणून अशा माणसाला परत पाठवता येणार नाही. २००१ मध्ये गुरदयालसिंग खटल्यात तेच न्यायालय आणखी पुढे गेले. अशा दाव्याला फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागू नये, शक्याशक्यतेच्या मापाने तो तोलावा, असे त्याने म्हटले.

दार असे उदारपणे उघडे राहिले, आणि त्यातून आत कोण आले याची चौकशी करण्याची पाळी बीडवर आली. साक्षीची साखळी हा या व्यवस्थेचा कणा होता. एकाने दुसऱ्याला ओळखायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पहिला खरा असेल तोवर साखळी खरी. परंतु एक कडी खोटी जोडली गेली, की तिच्यापुढच्या सगळ्या कड्या तिच्याच मोलाच्या होतात, आणि कागदावर मात्र त्या तितक्याच चोख दिसतात. मानधनाबरोबर प्रवासाच्या सवलती होत्या, नामनिर्देशित पाल्याला शासकीय नोकरीत स्थान होते. कोरडवाहू शेती, दर वर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, दुष्काळ पाचवीला पुजलेला अशा जिल्ह्यात या गोष्टींचे मोल किती, हे सांगायला नको. त्यामुळे मोह झाला असेल हे समजते. समर्थन मात्र होत नाही.

बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या आणि तेथून दिल्लीला. भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा खटला कायद्याच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे. २००५ मध्ये न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि न्यायमूर्ती एच. के. सेमा यांच्या पीठाने त्याचा निर्णय दिला. प्रश्न ३५४ व्यक्तींचा होता. खऱ्या स्वातंत्र्यसैनिकांना आदर व सन्मान मिळालाच पाहिजे, आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या उदार दृष्टीचा लाभ लढ्याशी संबंध नसलेल्यांनी उठवता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले. सरसकट निकाल न देता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्याकडे या प्रकरणांची छाननी सोपवण्यात आली. त्या चौकशीत बहुसंख्य दावे टिकले नाहीत.

नोंददुरुस्तीचा अर्ज म्हटला की वगळलेले नाव घालण्याची विनंती आपल्या डोळ्यांपुढे येते. बीडमध्ये उलट घडले. येथे घातलेली नावे काढण्याची मागणी झाली. काढण्यात गैर काही नव्हते. पण काढताना कोणाला काय सोसावे लागले, याकडे वर्तमानपत्रांनी फारसे पाहिले नाही. ‘बोगस’ हा एक शब्द मथळ्यात आला आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक खऱ्या सैनिकाच्या पाठीस लागला. ज्याने १९४८ मध्ये खरोखर नाका जाळला होता, त्या ऐंशीच्या घरातल्या माणसाला पुन्हा एकदा कुणापुढे तरी उभे राहून ‘तुम्ही कोणत्या शिबिरात होता, तुमचा नायक कोण, तारीख कोणती’ या प्रश्नांची उत्तरे देणे भाग पडणार होते. वार्धक्यात तारीख चुकते, नायकाचे नाव ओठांवर येऊन थांबते. खोटी कहाणी पाठ केलेली असते, म्हणून ती अडखळत नाही. चौकशी करणाऱ्या कोणत्याही न्यायमूर्तीपुढची खरी अडचण ही असते, आणि तिच्यावर कोणत्याही शासननिर्णयात उतारा सापडत नाही. साक्ष देणारे सहकारी तर तोवर बहुतेक निघून गेलेले.

आम्हांला वाटते, सर्वांत मोठी चूक चौकशीच्या वेळी झाली नाही. ती १९४८ ते १९७२ या चोवीस वर्षांत झाली. तेव्हा शिबिरांचे नायक हयात होते, गावोगावचे साक्षीदार हयात होते, आणि खोटे बोलून काही मिळण्यासारखे नव्हते. त्या काळात शांतपणे बसून प्रत्येक शिबिराचा हजेरीपट केला असता, तर पुढे शपथपत्रांच्या साखळीची गरजच फारशी पडली नसती. नोंद केली गेली ती पैसा आल्यावर, आणि पैसा आल्यावर केलेली नोंद तपासावी लागते. इतिहासकाराला हा नियम पाठ असतो. शासनाला तो शिकायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

भाकरी बांधून देणाऱ्या बायांचे काय झाले, हा प्रश्न तर कोणत्याही समितीपुढे नीट आलाच नाही. भूमिगताच्या व्याख्येत त्या बसत नव्हत्या, कारण त्या घरीच राहिल्या होत्या. रझाकारांची धाड आली तेव्हाही त्या घरीच होत्या. त्यांच्यापैकी कितींनी अर्ज केला असेल?

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ च्या सुमारास, देशभर विकासगटांच्या ठिकाणी स्मृतिस्तंभ उभारले गेले. त्यांच्या एका अंगावर राज्यघटनेची प्रस्तावना आणि दुसऱ्यावर त्या भागातील स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरली गेली. निवृत्तिवेतनाची योजना तेव्हा नुकतीच जाहीर झाली होती आणि उत्पन्नाच्या अटीमुळे तिचा लाभ थोड्यांपुरताच होता. आपल्या तालुक्याच्या मुक्तिलढ्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम पंचायत समितीच्या आवारातील तो स्तंभ पाहावा, त्यावरची नावे उतरवून घ्यावीत, आणि मग नंतरच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. कित्येक ठिकाणी स्तंभाभोवती दुचाक्या उभ्या असतात आणि अक्षरांवर चुन्याचे थर चढलेले असतात. ओला फडका सोबत नेलेला बरा.